साहेबाच्या मापाचा बोगदा

आमच्या मामंजींना, म्हणजे माझे सासरे धोंडप्पा यांना, उकाड्याचा त्रास कधीच नव्हता. अंगात कोपरी आणि हातात ताडाचा पंखा, एवढ्यावर त्यांचा वैशाख निघायचा. तरी दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत एका उन्हाळ्यात त्यांनी घर गार करायचं मनावर घेतलं, तेव्हा गावाला वाटलं, म्हातारपणी माणूस हौशी झाला. आम्हा बायकांना खरं कारण माहीत होतं. ते गोठ्यात, काळ्या खोंडाच्या दावणीखाली, जमिनीत खणलेल्या धान्याच्या पेवात होतं.

निजाम सरकारनं तेव्हा लेव्ही बसवली होती. पिकेल त्यातला ठरलेला वाटा सरकारी कोठारात घालायचा. मामंजींनी थोडा घातला आणि बाकीचा जोंधळा पेवात लोटून वर फरशी बसवली. आता तपासणीला साहेब यायचा होता, आणि तो गोठ्याकडं वळला तर सगळंच मुसळ केरात.

"साहेब बैठकीत गार बसला तर उन्हात कशाला हिंडंल?" मामंजी म्हणाले. नळदुर्गच्या किल्ल्यातल्या गार पाणीमहालात ते कधीतरी तासभर बसून आले होते. तेवढ्या अनुभवावर त्यांनी बेत आखला. मागच्या आडापाशी वाळ्याचे ओले पडदे, त्यामागं लाकडी पात्यांचं मोठं चाक, चाक फिरवायला घाण्याचा बैल, आणि तिथून थेट बैठकीपर्यंत विटांचा बोगदा. गार वारा बोगद्यातून येणार आणि साहेबाच्या पाठीशी बसवलेल्या जाळीतून बाहेर पडणार.

कोंडीराम गवंडी आला. त्यानं बिचाऱ्यानं सरळ विचारलं, "मालक, खोली केवढी, दारं किती, चाकाला जोर किती? त्यावर बोगद्याचं माप धरावं लागंल."

"खोलीचं काय घिऊन बसलास? साहेब केवढा हाय, ते बघ की."

आधी नायब तहसीलदार येणार असं कळलं होतं, तेव्हा बोगदा मांजर शिरेल एवढा ठरला. मग खुद्द तहसीलदार येणार असा निरोप आला, तशी बांधलेली भिंत पाडून माणूस वाकून चालेल एवढा केला. त्याच्याही वरचा कोणी निघाला असता तर आमचं घर बोगद्यात राहायला गेलं असतं. कोंडीराम दोनदा म्हणाला की, एवढ्या पोकळीत वारा हरवून जाईल. मामंजींनी त्याला पान दिलं आणि गप्प केलं.

बोगदा आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला घासूनच जात होता. त्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. चुलीपुढं बसलं की पाठीवरून घाम ओघळायचा आणि सासूबाईंना तर दोनदा भोवळ आलेली. सासूबाईंनी, म्हणजे रुद्रम्मांनी, जेवण वाढताना विषय काढला. "अहो, एक वीट काढून आमच्याकडं बी भोक ठिवा. पोरगी भाजून निघतीया."

"बायकांच्या बाजूला भोक पाडलं तर साहेबाचा वारा तिथंच सांडंल," मामंजी म्हणाले आणि ताक मागितलं. मला असा राग आला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाटणीची भाकरी मी ठरवून करपवली. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली, तेव्हा आणखीच राग आला.

बोगदा झाला. बैल फिरला, चाक करकरलं, पडद्यांवर पाणी पडलं, आणि बैठकीत काहीच आलं नाही. जाळीपुढं धरलेली दिव्याची ज्योत हललीसुद्धा नाही. वारा बोगद्यात शिरायचा आणि पाहुण्यासारखा तिथंच पाय पसरायचा. मामंजी मात्र जाळीला पाठ लावून बसायचे आणि येईल त्याला म्हणायचे, "गार लागतंय का न्हाय?" लोक घाम पुसत "व्हय व्हय" म्हणायचे. गावाला कर्ज देणाऱ्या साहुकाराला नाही कोण म्हणणार?

पडद्यांवर पाणी मारायचं काम अर्थातच आम्हा बायकांकडं आलं. घागरी आणायला नागूबाई होती. ती आमच्या रानात खुरपायला यायची. पाणी मारण्यासाठी आडाच्या अंगाला बोगद्याला एक छोटं दार ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी मी आत पाऊल टाकलं आणि तिथंच उभी राहिले. आत काय गारवा होता! वाळ्याचा वास, ओल्या विटा, पायाखाली थंडगार फरशी. मी धावत जाऊन सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्या भिंतीला टेकल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जगदेवी, आता डाळ निवडायची ती हितंच." तेव्हापासून दुपारी आम्ही तिघी बोगद्यात बसू लागलो.

त्या बोगद्यातून वारा जात नव्हता, पण आवाज बेलाशक जायचा-यायचा. वर, उंच जोत्यावरच्या बैठकीत, मामंजी घोरले की आमच्या मांडीवरचं सूप थरथरतंय असं वाटायचं. सासूबाईंनी ते लगेच ताडलं आणि आम्हाला दम दिला, "हळू बोला गं. वर कळलं की आपण हितं हाव, तर ह्यो बी सुखाचा कोपरा जाईल." म्हणून आम्ही कुजबुजायचो आणि वरचं सगळं ऐकायचो.

नागूबाईच्या घरी तेव्हा तरवट्याचा रानपाला उकडून खात होते. तिनं मामंजींकडं पायलीभर जोंधळा मागितला होता. "पेवात दाणा न्हाय, बाई," म्हणून त्यांनी तिला गळ्यातल्या लिंगाची शपथ घेऊन सांगितलं होतं. आणि एका दुपारी त्यांचाच आवाज जाळीतून खाली आला. सोलापूरच्या कुणा अडत्याशी बोलणं चाललं होतं. अवसेच्या अंधारात गाड्या भरायच्या आणि जोंधळा इंग्रजी मुलखात उतरवायचा. तिकडं भाव दुप्पट होता.

नागूबाईनं घागर खाली ठेवली. मला तिच्याकडं बघवेना. सासूबाई डाळीतला एकच खडा कितीतरी वेळ बोटांत फिरवत राहिल्या.

साहेब आला त्या दिवशी मामंजींनी बजावलं, "दिवसभर पानी मारा. भाईर कुनी दिसू नका." म्हणजे त्यांच्याच हुकमानं आम्ही आत होतो. वर गाद्यांची सळसळ झाली. साहेब टेकला.

"माशाल्ला," साहेबाचा आवाज आला. "मगर हवा किधर है?"

"येती येती, साहेब. लांबनं यायलीय."

तेवढ्यात सासूबाई उठून उभ्या राहिल्या. इतके दिवस कुजबुजणारी ती बाई देवळात आरती म्हणावी तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "नागू, रडू नगंस. गोठ्यातल्या काळ्या खोंडाला सोड, दावणीखालची फरशी उचल. पेव तुडुंब हाय. अवसेला गाड्या सोलापूरला जायच्या आदी तुझी पायली काढून घे!"

बैलसुद्धा थांबला.

"ये कौन बोला?"

"वारा हाय, साहेब," मामंजींचा घोगरा आवाज आला. "वारा घुमतोय."

"अच्छा," साहेब म्हणाला. "बडी साफ मराठी बोलता है." मग जोड्यांचा आवाज गोठ्याच्या दिशेनं गेला.

जोंधळा सरकारी कोठारात गेला, वर दंड झाला. पुढं त्यातलाच काही गावच्या धान्याच्या दुकानात आला आणि नागूबाईनं तो सरकारी भावानं घेतला. त्या संध्याकाळी मामंजी सासूबाईंपुढं उभे राहिले. "आवाज वर जातोय, ठाऊक न्हवतं तुला?"

"अय्यो, मला काय ठावं?" सासूबाई म्हणाल्या. "वारा जाईना, तर बोलणं जाईल असं कुणाला वाटंल?"

मामंजींनी बैठकीची जाळी विटांनी बुजवून टाकली. तिथून पुढं गारवा सगळा आत राहू लागला. आजही कोणी विषय काढला की मामंजी उसासा टाकून म्हणतात, "बोगद्याचं माप चुकलं. लई मोठा झाला."

मी पदराआड हसते. माप कुठं चुकलं? आम्ही तिघी त्यात अगदी मापात मावत होतो.