पायाशी ठेवलेला स्पीकर

"मला माझाच आवाज ऐकू येत नाहीये," रंगमंचावरून ती गायिका तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मास्तरांनी मिक्सरवरून मान वर करून अगदी अदबीने सांगितलं, "वाढवला, मॅडम." आणि बटणाला बोटही लावलं नाही.

मास्तर म्हणजे त्या सभागृहाचे साउंडवाले, तेवीस वर्षं मुरलेले. गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून एक छोटा स्पीकर ठेवतात, त्याला स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून. त्याचा आवाज पडला की भलेभले भरकटतात. पुरुष गाणार असेल तर मास्तर तो स्पीकर जिवापाड जपत. बाई आली, त्यातून चमकीचे कपडे घालून नाचत गाणारी आली, की त्याचं बटण हळूच खाली. मग ती बेसूर झाली की हाताखालच्या जाड्याला कोपर मारून म्हणायचे, "बघ. यांना कंबर हलवायला सांगावं, गायला नाही."

आपण लबाडी करतो असं त्यांच्या मनाला कधी शिवलं नाही. जाड्याला तर त्यांनी हे कामाचाच भाग म्हणून शिकवलं होतं. "बायकांचा आवाज चिरका. खालचा स्पीकर वर ठेवलास तर शिट्टी मारतो. पार खाली ओढायचा." जाड्या गेली सहा वर्षं ते इमानेइतबारे पाळत होता. आणि मास्तरांनाही एव्हाना ते खरंच वाटायला लागलं होतं म्हणा.

घरी मुलगी होती. एकुलती एक, वीस वर्षांची, आणि नेमकी गाणारी. तीही त्याच चमकीवाल्या बायांची गाणी.

"बाबा, तुम्हाला एकही गायिका कशी आवडत नाही हो?" तिने एकदा जेवताना विचारलं. "गाणं आवडत नाही, की बाई?"

"मला सूर आवडतो. ज्याच्याकडे असेल त्याचा."

"माझ्याकडे आहे?"

"लोक सांगतील की."

"अहो, एकदा बरं म्हणालात तर काय जीभ झडेल?" बायको म्हणाली. मास्तरांनी भात मागितला.

त्याच सभागृहात कॉलेजांची गाण्याची स्पर्धा ठरली, तेव्हा त्यांनी अट घातली. पहिल्या तिघांत आलीस तर गाणं शिकायला पाठवतो, नाही आलीस तर हे खूळ कायमचं बंद. पोरगी हसत तयार झाली, कारण तिला सूर होता. मास्तरांनाही ते पक्कं ठाऊक होतं. ती न्हाणीघरात गायची तेव्हा ते बाहेर उभे राहून चोरून ऐकायचे, आणि कडी वाजली की खाकरून पुढे सरकायचे.

स्पर्धकाच्या नातेवाइकाने मिक्सरवर बसायचं नाही, असा नियम निघाला. त्या दुपारी तिथे जाड्या बसला. मास्तर त्याच्यापाशी घुटमळले. आज खालचा स्पीकर पूर्ण वर ठेव, एवढंच सांगायचं होतं. पण हा विचारणार, मग एरवी का नाही?

"नीट कर रे," ते म्हणाले.

"तुम्ही शिकवलंय अगदी तस्संच करतो, मास्तर. आपल्या घरची पोर आहे."

दुसऱ्याच ओळीला तिने पायाकडे पाहिलं. मग हात वर करून खूण केली. जाड्याने लांबून अंगठा दाखवला. मागच्या वाद्यांच्या गदारोळात ती स्वतःला शोधत राहिली, वरच्या पट्टीत घसरली, सावरायला म्हणून ओरडली. मागून कुणीतरी मांजराचा आवाज काढला आणि हशा पिकला. मिक्सर मास्तरांपासून वीस पावलांवर होता. ते खुर्चीचे हात धरून बसून राहिले.

परतताना बसमध्ये तिने विचारलं.

"बाबा, मला काहीच ऐकू येत नव्हतं. स्पीकर बंद होता का? तुम्हाला कळतं, खरं सांगा."

सांगितलं असतं तर पोरीचं गाणं वाचलं असतं. पण मग तेवीस वर्षांचं काय सांगायचं, आणि कुणाकुणाला?

"स्पीकर ठीक होता," ते म्हणाले. "सूर तुझाच सुटला."

तिने मान हलवली. रडली नाही. बाबा खोटं बोलतील असं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

शब्द मात्र तिने पाळला. चार-पाच महिन्यांनी शेजारची सात वर्षांची पोर वही घेऊन आली. शाळेत गायचं होतं, ताईकडून गाणं बसवून हवं होतं. मास्तर खिडकीपाशी चहा पीत होते. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"म्हण बघू."

पोर गायली. गोड, स्वच्छ गायली. मास्तरांच्या कानाला ते पहिल्या ओळीतच कळलं.

"नको गं या नादाला लागूस," मुलगी म्हणाली, अगदी मायेने. "चारचौघांत हसं होतं. आपल्या बायकांच्या गळ्यात ते नसतंच. हवं तर काकांना विचार, त्यांना कळतं त्यातलं."

पोर वही छातीशी धरून मास्तरांकडे बघत राहिली. आत बायकोने भांडी घासायची थांबवली होती.

"हो," मास्तर म्हणाले, आणि उरलेला चहा पिऊन टाकला.