जपलेले दात

"खाताना काही त्रास होतो का, आजी?" श्रेयानं तोंडातला आरसा काढत विचारलं. सरूबाई याच प्रश्नाची वाट बघत होती.

"त्रास कशाचा? त्या दोन दातांनी म्या काय खाल्लंच नाय," ती ऐटीत म्हणाली.

श्रेया दातांच्या कॉलेजात शिकणारी डॉक्टर. राखुंडीनं घासून घासून दातांच्या मुळाशी खाचा पडलेली माणसं तिला अभ्यासासाठी हवी होती. दोन्ही बाजूंच्या एकेका दाताची खाच दातांच्या सिमेंटनं भरायची, पण एकीकडे आधी द्राक्षाच्या बियांचा अर्क लावायचा. त्यानं सिमेंट दाताला जास्त घट्ट चिकटतं का, ते दर सहा महिन्यांनी बघायचं. अर्क कुठल्या बाजूला लावलाय, ते पेशंटला सांगायचं नसतं.

सरूबाई गारखेड्यातल्या एका मेसवर भाकऱ्या थापायची. नवरा गेल्यापासून 'जेवलीस का' म्हणून विचारणारं कुणी उरलं नव्हतं. ही पोरगी मात्र हाताला धरून खुर्चीत बसवायची, मायेनं चौकशी करायची. पोरीची परीक्षा आपल्या दातांवर अडलीय म्हटल्यावर सरूबाईनं ठरवूनच टाकलं, काही झालं तरी सिमेंट पडू द्यायचं नाही. तेव्हापासून दिवसभर मेसच्या पोरांसाठी टम्म फुगलेल्या भाकऱ्या काढायची आणि स्वतः मात्र वरणात कुस्करून गिळायची. शेंगदाणे, फुटाणे, कांदा, सगळं बंद. इतका कडक उपास तिनं देवासाठीसुद्धा कधी धरला नव्हता.

श्रेया मटकन स्टुलावर बसली. चावूनही टिकतंय का तेच तर बघायचं होतं, असं तिनं हळू आवाजात समजावलं, तेव्हा सरूबाईचं तोंड एवढंसं झालं.

"मंग लिहू नका. मला इचारलंच नाय म्हना."

"आजी, उद्या हे औषध लावून दुसऱ्या कुणाचे दात भरतील. खोटं कसं लिहू?"

सरूबाईचं नाव अभ्यासातून कमी झालं. आता तपासणीला यायची गरज नाही, हे सांगताना श्रेयाला तिच्याकडे बघवेना. सरूबाईला लई लागलं ते. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं पुटपुटत ती रिक्षात बसली.

सहा महिन्यांनी बाई बिनबोलावता हजर.

"रोज भाकर खाल्ली, पार कडक. कांदा फोडून," खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. "डावीकडचं पडलं. घासासंगं पोटात गेलं आसंल. उजवीकडचं हाय. औषीद कोन्या बाजूला व्हतं?"

श्रेयानं कपाटातून जुनी फाईल काढून बघितली. "उजव्या."

"मंग लिवा की आता!"

एकदा कमी केलेलं नाव परत घेता येत नाही, हे श्रेयाला सांगावंच लागलं.

"ऱ्हाऊ दे," सरूबाई म्हणाली. "तुला कळलं ना, पोरी? मंग झालं."

आणि डावा दात पुन्हा भरून घ्यायला तिनं आ केला.