एकाच काट्यावर सगळ्या बंड्या

देवळीच्या आमच्या कॉलेजात सर्व्हरची खोली माझ्या ताब्यात होती, आणि २००९ साली तिथं माझ्यापेक्षा हुशार कोणी असेल असं मला मुळीच वाटत नव्हतं. सहा कॉम्प्युटरांऐवजी एकच दणकट मशीन घ्या, त्याच्या पोटात सहा व्हर्च्युअल मशीन चालवू, हा हट्ट माझाच. प्राचार्यांनी तो ऐकला. आता फजिती झाली असती तर तीही माझीच होती.

नागपूरची एक कंपनी पहिल्यांदाच आमच्याकडे नोकरीची ऑनलाइन परीक्षा घेणार होती. सोमवारी, एकशे वीस मुलं एकदम. अट एवढीच की शनिवारची रंगीत तालीम नीट पार पडावी, नाहीतर परीक्षा नागपुरात. बाकीचे बसनं गेले असते. पण शेवटच्या वर्षाच्या रक्षाच्या वडिलांनी, नत्थूजींनी, मला येऊन सांगितलं होतं, "देवळीत असन तं देऊ द्या मॅडम. नागपूरले पोरगी जाणार नाई." रक्षा वर्गात सगळ्यात तयारीची. तिची संधी माझ्यामुळे हुकली असती तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

सर्व्हरमधून बाहेर जायला एकच नेटवर्क कार्ड होतं, एकच केबल. ती पुरणार नाही हे दिसत होतं. मी आणखी तीन कार्डं बसवली, चार केबल स्विचला जोडल्या आणि मशीनच्या सेटिंगमध्ये चौघींना एकत्र बांधून टाकलं. आता रस्ता चौपट. हे मी स्टाफरूममध्ये तीनदा सांगितलं, कोणी विचारलं नसताना.

शनिवारी अकराला मुलं बसली आणि पहिल्याच प्रश्नावर सगळं अडकलं. सर्व्हरमागे जाऊन पाहिलं, तर एका कार्डाचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता आणि बाकी तीन गपगार. कार्डं बदलली, केबल बदलल्या, तरी तेच. कंपनीचे साहेब फोनवर गोड आवाजात म्हणाले, "पाच वाजेपर्यंत बघा मॅडम, नाहीतर आम्ही नागपूरचं कळवतो." मला भयंकर राग आला होता, आणि तो काढायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

तेवढ्यात आईचा फोन, बाबांचा डबा घरीच राहिला म्हणून. बाबा कॉलेजजवळच्या जिनिंग मिलच्या फाटकावर बसत आणि कापसाची कोणती बंडी, म्हणजे बैलगाडी, कोणत्या काट्यावर तोलायची ते सांगत. घरून डबा घेऊन चिडचिडतच गेले. पाहते तर एका काट्यापुढे बंड्यांची रांग पार सडकेपर्यंत, आणि दुसऱ्या काट्यावरचा माणूस पेपर वाचत बसलेला.

"बाबा, त्याले रिकामा काऊन बसवला?"

"एका गावाले एकच काटा, असा नेम हाय. नाई तं दोन भाऊ दोन काट्यांवर तोलतेत, अन् मंग म्हणतेत त्याच्या काट्यानं जास्त दाखवलं. भांडणं मलेच सोडवा लागतेत."

"मंग आज?"

"आज सारं सोनेगावच येऊन राह्यलं ना."

मी डबा हातात धरून तिथंच उभी राहिले. माझं मशीनही गाव बघूनच दार देत होतं. माल कोणत्या केबलनं पाठवायचा हे ठरवताना ते फक्त पुढच्या मुक्कामाचा पत्ता पाहत होतं. आमची लॅब दुसऱ्या इमारतीत, आणि मधे एकच राउटर, सगळ्यांचा माल आधी त्याच्याकडेच जाणार. म्हणजे सर्व्हरच्या लेखी एकशे वीस मुलं एकाच गावची. हा नेम मशीनमध्ये आधीपासून लावलेला होता आणि मी शहाणीनं तो वाचलाच नव्हता.

"गाव नाई पाह्याचं, बंडीवाल्याचं नाव पाह्याचं," मी म्हणाले.

"मले नोको शिकवू. भांडणं होतेत माह्या इथं."

"तुमाले नाई बाबा, माह्या मशीनले." डबा त्यांच्या हाती दिला आणि पळत सुटले.

नेम बदलला. राउटर नाही, प्रत्येक कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता बघ. एकट्या मुलाची वाट यानं रुंद होत नाही, पण एकशे वीस जण चार दारांत वाटले जातात. चार वाजता मुलांना पुन्हा बसवलं आणि चारही दिवे लुकलुकायला लागले. त्या खोलीत मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

सोमवारची परीक्षा इतकी सुरळीत झाली की कोणी माझं नावसुद्धा काढलं नाही. संध्याकाळी यादी लागली, रक्षा पहिली. आणि खाली ओळ होती की मुलाखत बुधवारी, नागपूरला.

नत्थूजी पोरीला न्यायला आले होते आणि बोर्डासमोरच उभे होते. मी मनात भाषण जुळवत त्यांच्याजवळ गेले. ते यादीवर बोट ठेवून सावकाश वाचत होते, "रक्षा... नत्थूजी... ढगे." मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, हे मधातलं नाव माहं हाय ना?"

"हो, तुमचंच."

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. रक्षा मान खाली घालून उभी होती.

"बुधवारची पयली बस किती वाजता असते वं?" त्यांनी तिला विचारलं.