त्या संध्याकाळी मी तुटले नाही

मित्रांनो, धरणगावजवळच्या एका घराच्या मागच्या भिंतीवर, खिळ्याला गंजकं लांबलचक काहीतरी लटकतंय ना, ती मी. कुत्र्याची जुनी साखळी. आता घरच्या सूनबाई प्रमिलाबाई माझ्यावर ओली फडकी वाळत घालतात. माझी तक्रार नाही. माझी तेवढीच लायकी आहे, आणि ती का, हे सांगायलाच आज तोंड उघडलंय.

एकेकाळी मी फार तोऱ्यात होते. आठवडी बाजारात घरमालक नानांनी मला दोन्ही हातांनी ताणून बघितलं आणि म्हणाले, "हाई काय तुटत नही." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. ती मी कडीकडीत जपून ठेवली.

मला आणलं होतं भुऱ्यासाठी. नानांची नात दिपमाला सहावीत असताना त्याला दप्तरात घालून घेऊन आली होती. पिल्लानं वाटेत भूगोलाच्या वहीवर जे काही केलं, ते बाईंनीही पाहिलं म्हणे. तेच पिल्लू बघता बघता वासराएवढं झालं. मांजर दिसलं की ते असा हिसका द्यायचं की खुंटी हलायची. मी मात्र हलले नाही. पाहुणे आले की नाना मला दाखवायचे. भुऱ्याला नाही हो, मला.

कपाशी संपली की नाना वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून जळणासाठी घराच्या मागच्या भिंतीला लावून रचतात. त्या ढिगात उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे आणखी कोणीतरी येतं. दिवेलागणीनंतर या घरात त्या कोणीतरीचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते येतं, असं नानांचं म्हणणं. म्हणून सगळे नुसतं 'जनावर' म्हणतात.

यंदा ढिगाजवळ एकदा कात सापडली. नानांनी ढीग हलवला नाही. त्यांनी ढिगाला लागूनच खुंटी ठोकली आणि भुऱ्याला तिथं बांधलं.

"कुत्रं बांधेल शे, मंग काय भ्याव शे?" ते म्हणाले.

दिपमाला आता नववीत आहे. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून ती कोणाचंच ऐकत नाही. ती म्हणाली, "नाना, पण अंगावर काही आलं तर त्याला पळता तरी येईल का?"

"भाषण शाळामा दे," नाना म्हणाले.

आणि खरं सांगू? मला आनंद झाला. वाटलं, आता आपल्याला राखणदाराची नोकरी मिळाली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी घडलं ते. सांजावलं होतं. दिपमाला लिंबाला झोका बांधत होती. तेवढ्यात कुकरची शिट्टी होण्याआधी होतो तसा फुस्स आवाज आला. आतून प्रमिलाबाई म्हणाल्या, "मी तर कुकर लावलाच नाही."

तो आवाज ढिगातून येत होता. जाड, तपकिरी, आणि पाठीवर माझ्याच कड्यांसारख्या कड्यांच्या रांगा. घोणस होती ती. भुऱ्या शहाणा, तो मागे सरला. एक हात, दोन हात. मग मी ताठ झाले. त्यानं सगळा जीव लावून मागे ओढलं. मित्रांनो, आणखी दोन हात मिळाले असते तर तो सुटला असता. पण माझी एकसुद्धा कडी वाकली नाही. नानांची शाबासकी मी नेमकी तेव्हा खरी करून दाखवली.

ती भुऱ्याच्या जबड्याला डसली आणि तो केकाटला. ती ढिगात शिरली. आम्हा दोघींत जास्त विषारी कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

धावत आलेल्या दिपमालानं घोणस ओळखली होती. तिनं गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, आमच्या कुत्र्याला..."

"त्यानं नाव नको ले, पोरी. सांज व्हयनी," नाना दबक्या आवाजात म्हणाले.

"...जनावर चावलं," ती म्हणाली.

"दुसरं कुत्रं असेल. साबणानं धुवा, सकाळी आणा, रेबीजचं इंजेक्शन देऊ," असं म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांची चूक सुधारायची तर नाव घ्यावं लागलं असतं; म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणत सगळ्यांनी हायसं वाटून घेतलं. प्रमिलाबाईंनी साबण आणला. नाना मुठीत हळद घेऊन आले. अर्धा तास असाच गेला. भुऱ्याचं तोंड भोपळ्यासारखं फुगलं आणि मला जोडलेला पट्टा त्याच्या मानेत रुतायला लागला. तो आता ओढतसुद्धा नव्हता.

तेवढ्यात शेजारचे अमीनभाई आपली मालाची रिक्षा लावून डोकावले. "काय चावलं याला?"

"जनावर," दिपमाला म्हणाली.

"अगं, बकरी पण जनावर आणि बिबट्या पण जनावर. यातलं कोणतं?"

दिपमालानं नानांकडे पाहिलं. मग भुऱ्याकडे. आणि भर तिन्हीसांजेला, उघड्या अंगणात ती म्हणाली, "साप. घोणस चावलीय."

नाव घेतलं म्हणून दुसरा साप काही आला नाही.

तिनं पुन्हा फोन लावला. डॉक्टर ओरडलेच. "मघाशी का नाही सांगितलं? आधी गळ्यातला पट्टा काढा. चालवू नका, उचलून आणा. काही लावू नका, चिरू नका."

नानांच्या मुठीतली उरलेली हळद तिथंच सांडली. त्यांनी पट्टा सोडला, भुऱ्याला मांडीवर घेतलं आणि अमीनभाईंची रिक्षा सुटली. मी खुंटीला तशीच पडून राहिले. बांधावं असं कोणी उरलंच नव्हतं.

विषावरची औषधं, सलाईन, तीन दिवस. डॉक्टर नानांना एवढंच म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर एवढं झालं नसतं." चौथ्या दिवशी भुऱ्या घरी आला. जबड्याची कातडी एका बाजूनं गेली होती. तिथं आजही केस नाहीत. तो हळूहळू माझ्याजवळ आला, त्यानं मला हुंगलं आणि शेपूट हलवली. मित्रांनो, त्यापेक्षा त्यानं मला चावायला हवं होतं.

नानांनी स्वतः पऱ्हाटी न् पऱ्हाटी उचलून शेताच्या बांधावर नेली. भिंतीची बिळं बुजवली. या कामाला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. खुंटी उपटली. मला खिळ्याला टांगलं.

तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिला एवढं सांगा, अडगळीजवळ कोणाला धरून ठेवू नकोस. कुत्रा म्हणजे सापावरचा पहारा नव्हे, त्यालाही पळायचं असतं. आणि काही झालंच, तर जे चावलं त्याचं नाव स्पष्ट घ्या.

आता सांजावलं की भुऱ्या बाहेर जायला दाराशी उभा राहतो. काल दिपमाला त्याला घेऊन तशीच निघाली होती. ओसरीवरून नानांचा आवाज आला. आधी ते खाकरले.

"टॉर्च ले, दिपे," ते म्हणाले. "साप व्हई कोठे तरी."