हिरव्या रंगाखालची चीर

माझ्या अंगावर सध्या ताजा हिरवा रंग आहे, त्यामुळे तुम्ही मला नवीकोरी समजाल. तसं समजू नका, मित्रांनो. मी एक जुनी लाकडी शिडी आहे, चांगली पोक्त. माझं सगळं आयुष्य लोकांचे पाय अंगावर घेण्यात गेलं, आणि खरं सांगते, त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. शिडीचा जन्मच त्यासाठी असतो. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मला घडवलं एका सुताराने. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. रस्त्याच्या वळणावर त्यांचं लांबोडकं दुकान होतं. पुढे शिड्या उभ्या, मागे कामाची जागा आणि माडीवर बिऱ्हाड. मिस्त्री शिड्यांशिवाय दुसरं काही करायचे नाहीत. खुर्ची करून द्या म्हटलं तर सरळ शेजारच्या गल्लीत पाठवायचे. लाकूड निवडायला ते वखारीत शिरले की वखारवाला कपाळाला हात लावायचा. एकेक दांडा डोळ्याजवळ धरून बघायचे, बोटाच्या पेराने ठोकून ऐकायचे, आणि दहातले आठ बाजूला सारायचे.

"अहो मिस्त्री, घर बांधणारेसुद्धा एवढं बघत नाहीत हो!" वखारवाला करवादायचा.

"घरात चार माणसं एकमेकांना धरून असतात," मिस्त्री म्हणायचे. "शिडीवर माणूस एकटा असतो."

मिस्त्रींच्या दुकानात काही गोष्टी ठरलेल्या होत्या. शिडीला रंग लावायचा नाही, फक्त जवसाचं तेल चोळायचं, कारण रंगाखाली चीर दडते आणि तेलाखाली दडत नाही. चीर पडलेली शिडी दुरुस्त करायची नाही. ती करवतीने मधोमध कापायची आणि मगच चुलीत घालायची, म्हणजे कुणी उचलून नेऊन वापरायला नको. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे दुकानातून कोणतीही शिडी बाहेर जाण्याआधी त्यांची लेक तिच्यावर चढायची. सगळे तिला ताई म्हणत. माझ्यावर चढली तेव्हा ती दोन वेण्यांची होती. अगदी वरच्या पायरीवर उभी राहून तिने छताला हात लावला, धपाधप उड्या मारल्या आणि ओरडली, "बाबा, ही जरासुद्धा हलत नाही!" मिस्त्री खाली दोन्ही हात पसरून उभे होते. मी पास झाले. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं!

मला विकलं नाही, भाड्याने द्यायला ठेवलं. मला बहुतेक वेळा एक रंगारी न्यायचा. तो उंचीला इतका कमी होता की सगळा बाजार त्याला ठेंगू म्हणायचा. त्याला त्याचा राग नव्हता. "जमिनीवर मी ठेंगू," तो म्हणायचा, "पण या बयेच्या खांद्यावर बसलो की सगळ्यांची टकलं दिसतात मला!" बया म्हणजे मी. काम करताना तो सतत गुणगुणायचा, संध्याकाळी माझ्या पायऱ्या ओल्या फडक्याने पुसायचा, आणि नवीन कुणी शिडी कुठून आणू असं विचारलं की सांगायचा, "मिस्त्रींकडून आण. त्यांची शिडी म्हणजे डोळे झाकून चढावं." अशी कितीतरी गिऱ्हाइकं त्याने फुकटात आणून दिली.

मग मिस्त्रींना दिसेनासं झालं. दुकान ताईने हातात घेतलं. ती आळशी नव्हती आणि लबाडही नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही लगेच तिला नावं ठेवाल. पहाटे उठायची, दांडे रंधायची, बापाला न्हाऊ घालायची, पुन्हा दुकानात यायची. पण रस्त्याच्या पलीकडे एक नवीन दुकान उघडलं होतं. तिथे लाल, निळ्या, पिवळ्या शिड्या ओळीने उभ्या असायच्या. आतलं लाकूड कसलं होतं ते त्या शिड्यांनाच ठाऊक! लोक आधी आमच्या दारात यायचे, आमच्या तेलकट तपकिरी रांगेकडे बघायचे, आणि पलीकडे जायचे.

शेवटी ताईने एक शिडी रंगवली. मिस्त्री चाचपडत खाली आले, त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि थबकले.

"हे काय लावलंस गं?"

"रंग, बाबा. आतलं लाकूड आपलंच आहे, एकदम चांगलं. नुसता वरून रंग."

"आज चांगल्या लाकडावर लावलास," मिस्त्री म्हणाले. "पुढे?"

"बाबा, मी काय चोर आहे का?" ताईचा आवाज चढला. मिस्त्री वळले. भिंतीला धरून माडीवर गेले. ती शिडी दुपारीच विकली गेली आणि ताईने आणखी डबे आणले. मिस्त्री पुढे फार दिवस राहिले नाहीत. ते गेले तेव्हा ठेंगू लहान मुलासारखा रडला.

माझ्यावर संकट आलं ते त्यानंतर. कुणीतरी मला भाड्याने नेलं आणि परत आणताना टेम्पोवरून खाली आपटलं. माझ्या उजव्या दांड्याला, चौथ्या पायरीच्या खाली, केसाएवढी चीर पडली. ताईला ती लगेच दिसली. शेवटी मिस्त्रींचीच लेक ती! तिने भिंतीवरची करवत काढली, मला आडवं टाकलं, दांड्यावर गुडघा टेकवला. खरं सांगू? मला भीती वाटली नाही. माझं काम झालं होतं, आणि चुलीत जळायलाही मी तयार होते.

तेवढ्यात पुढून ठेंगूची हाक आली, तशी मला मागेच टाकून ताई पुढे गेली. एका मोठ्या सभागृहाचं काम त्याला मिळालं होतं. आता भाड्याने नको, स्वतःची शिडी विकत हवी होती, तीही त्याच दिवशी. दुकानात तेवढ्या उंचीची दुसरी शिडी नव्हती. "नसेल तर राहू दे ताई, पलीकडून घेतो," तो म्हणाला. पलीकडून! ताईच्या चेहऱ्यावर कुणी थोबाडीत मारावी तसा भाव आला. बापाचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक त्या रंगीत दुकानात जाणार होतं.

"दुपारी ये," ती म्हणाली. "तयार ठेवते."

तो गेल्यावर ती मागे आली आणि तिने माझ्या चिरेवरून अंगठा फिरवला. मग तिने करवत खिळ्याला अडकवली. लाकडाचा भुसा डिंकात कालवून माझ्या चिरेत दाबला, पॉलिश पेपरने घासला, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगावर रंग चढला. मला गुदमरल्यासारखं झालं. मी ओरडत होते, अगं नको, अगं कापून टाक मला! पण शिडीचं कोण ऐकतं?

ठेंगूने मला ओळखलंही नाही. रंग बघून जरा घुटमळला मात्र.

"ताई, तू चढून बघितलीस ना हिच्यावर?"

"हो," ताई म्हणाली.

"मग झालं!" तो हसला आणि मला खांद्यावर टाकून गुणगुणत निघाला. ताई चढली नव्हती, मित्रांनो. एक पायही ठेवला नव्हता तिने.

चार-सहा दिवस मी कसं निभावलं ते माझं मला माहीत. दरवेळी त्याचा पाय चौथ्या पायरीवर पडला की मी सगळा जीव त्या एका जागी गोळा करायची. एके सकाळी तो रंगाची जड बादली घेऊन चढला, चीर उघडली, दांडा वाकला. मी मोडले नाही, नुसती पिळवटले. पण उंचावरच्या माणसाला तेवढं पुरतं. तो फरशीवर पडला आणि पांढरा रंग त्याच्या भोवती पसरत गेला. भार उतरताच माझी चीर पुन्हा मिटली. कुणाला काही दिसलं नाही.

मला परत आणलं त्याच्या बायकोने, हातगाडीवर घालून.

"कंबर गेली त्यांची. डॉक्टर म्हणतात, आता शिडी विसरा," ती ताईला म्हणाली. "तुम्ही ही ठेवून घ्या. त्यांनी निक्षून सांगितलंय, ताईला म्हणावं, शिडीचा काही दोष नाही, माझाच पाय चुकला. लोक उगाच दुकानाला नावं ठेवतील म्हणून ज्याला त्याला हेच सांगताहेत अंथरुणातून."

ताईने तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. बोल गं बाई, बोलून टाक! "बसा ना, चहा टाकते," एवढंच ती म्हणाली. शिडीचे घेतले होते त्याहून जास्त पैसे तिने परत दिले. त्या बिचारीने तिला भरल्या डोळ्यांनी आशीर्वाद दिला, आणि ताईने तो मान खाली घालून घेतला.

ती गेल्यावर ताईने दार लावलं. माझ्यापाशी बसून नखाने रंग खरवडला, चीर बघितली आणि हुंदके देऊन रडली. मला वाटलं, आता तरी करवत निघेल. पण मला कापलं असतं तर मला का कापलं हे स्वतःशी तरी कबूल करावं लागलं असतं. तिने डोळे पुसले आणि हिरवा डबा उघडला. आता ती माझ्याकडे बघतही नाही. गिऱ्हाईक आलं की न विचारता सांगते, "मी स्वतः चढून बघितलीय." पहिल्यांदा सांगताना तिची जीभ अडखळली होती, आता अडखळत नाही.

काल एक मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्यांच्या शाळेच्या वाचनालयात नवीन कपाटं आली आहेत, पार छतापर्यंतची. "मुलांना वरच्या फळीवरची पुस्तकं काढता आली पाहिजेत, म्हणून एखादी भक्कम शिडी द्या," त्या म्हणाल्या. ताईने माझ्यावर हात ठेवला. उद्या सकाळी मला न्यायला गाडी येणार आहे.

कोणती शाळा, ते मला ठाऊक नाही. तुमचीही असेल. मी तिथे कपाटाला टेकून उभी असेन, हिरवीगार, दिसायला अगदी नवी. मी ओरडेन, पण तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून आत्ताच हात जोडून सांगते. वरच्या फळीवरचं पुस्तक कितीही आवडीचं असलं, तरी मित्रांनो, माझ्यावर चढू नका.