कडेचे आकडे

मी फिल्म धुण्याचा एक जुना काळा डबा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगतो, माझा स्वभाव गोड नाही. चाळीस वर्षं पोटात औषधं ओतून घेतल्यावर तुमचाही राहिला नसता.

कारखान्यातून मी थेट एका फोटो स्टुडिओत आलो. काम साधं. अंधारात फिल्म माझ्यात गुंडाळायची, झाकण लावायचं, मग उजेडात आधी चित्र उमटवणारं औषध ओतायचं आणि नंतर ते पक्कं करणारं. क्रम चुकला की सगळं पुसलं जातं. माझ्या मालकाचा हात तेव्हा सफाईदार होता, हे मान्य करतो. पण मन कोतं. दोन्ही औषधं एकसारख्या तपकिरी बाटल्यांत ठेवायचा आणि कुणी विद्या चोरू नये म्हणून त्यांवर नाव लिहायचा नाही. वासावरून ओळखायचा. पुढे त्या वासांनीच त्याचं नाक मेलं. हे त्याला ठाऊक होतं आणि मला. तिसऱ्या कुणाला त्याने कळू दिलं नाही.

स्टुडिओ बंद पडला, मी माळ्यावर धूळ खात पडलो. मग एके दिवशी त्याची पुतणी आली. तिने नुकताच एक जुना, मोठ्या फिल्मचा कॅमेरा घेतला होता. एका रोलवर जेमतेम बारा फोटो. पहिल्याच रोलवर तिने बाराही वेळा आपल्या वडिलांना टिपलं होतं. वडील म्हणजे मालकाचा सख्खा भाऊ. दोघांत अकरा वर्षं विस्तव जात नव्हता. भांडणात स्टुडिओतले भावाचे सगळे फोटो मालकाने फाडले होते, आणि त्यानंतर भावाने कॅमेऱ्यासमोर बसणंच सोडलं होतं. आता मुलीसाठी बसला, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या जबड्याचा अर्धा भाग काढायचा होता.

ती आली तोवर ऑपरेशन झालं होतं. तिला मी फक्त उसना हवा होतो. मालक म्हणाला, नवशिक्यांच्या हातात माझी वस्तू देत नाही, मीच धुतो. भावाचं नावसुद्धा त्याने घेतलं नाही.

त्याने पहिली बाटली उघडली. तिने नाक आक्रसलं.

"काका, हिला आंबट वास येतोय. ही नंतरची ना?"

"दोन पुस्तकं वाचून मला शिकवू नकोस."

आणि ओतली. माझ्या पोटात बारा चेहरे विरघळले. मी डबा, ओरडणार कसा?

फिल्म बाहेर आली ती काचेसारखी कोरी. मालक तिच्यावरच उलटला. कॅमेऱ्याचं झाकणच काढलं नसशील, म्हणाला. तिने फिल्म खिडकीशी धरली. कडेवरून बोट फिरवलं.

"पहिलं औषध बरोबर पडलं असतं, तर फोटो आले नसते तरी कडेला कंपनीने आधीच छापलेले आकडे उमटले असते. ते पण नाहीत."

चोराच्या उलट्या बोंबा थांबतात कुठे? डबा गळका आहे, आत उजेड गेला, म्हणाला. मित्रांनो, मी आयुष्यात गळलो नाही. उजेड शिरला तर फिल्म काळीकुट्ट होते, कोरी नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीचं हे बक्षीस.

तिने मला उचलून पिशवीत घातलं. "बाबा फोटोंची वाट बघतायत. काय झालं ते तुम्ही येऊन सांगा."

तो आला नाही. तिनेच सांगितलं. वडिलांना बोलता येत नव्हतं. त्यांनी बँडेजवरून हळूच हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता मी तिच्याकडे असतो. तिच्या बाटल्यांवर ठळक अक्षरांत नावं आहेत. मला धुऊन-पुसून ठेवा अशी विनवणी मी तुम्हाला करणार नाही, मित्रांनो. प्लास्टिक आहे, टिकेन. पण कुणी म्हणालं की वास आंबट आहे, तर हात थांबवा. तिच्या बाबांना आता कुणी आरसा दाखवत नाही, आणि जुना चेहरा दाखवायला फोटोही नाही.