आठवा फोटो

स्वरदाने सातही फोटो जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाली, "आजी, सगळ्यांत सेम डॉट्स आहेत. लीलाच्या नाकावर पण."

लीला म्हणजे शेजारच्या चारुदत्तची मुलगी, माझ्या नातीच्याच वर्गातली. चारुदत्त इथे हॅमिल्टनमध्ये दूध पावडरीची यंत्रं बसवायच्या कामावर होता. आता त्याला ब्रिस्बेनला नोकरी लागली होती आणि आज दुपारी दोन वाजता ते सगळे ऑकलंडच्या विमानतळाकडे निघणार होते. स्वरदाला लीलाला दोघींचा एक फोटो द्यायचा होता. फोनवरचा नाही, हातात धरता येईल असा. ऑप शॉपमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून, आणलेल्या जुन्या इन्स्टंट कॅमेऱ्यात आठ फोटोंचं एकच पाकीट होतं. त्यातले सात वाया गेले होते आणि साडेबारा वाजून गेले होते.

मी चष्मा लावून पट्टी घेतली. ठिपक्यांमधलं अंतर तीन सेंटिमीटरहून थोडं जास्त होतं आणि सातही फोटोंत तेवढंच.

"एकच खूण सारख्या अंतरावर कोण उमटवतं, सांग बघू."

तिने जरा विचार केला. "टायरमध्ये स्टोन अडकला तर, चिखलात."

"मग कॅमेऱ्यात गोल काय फिरतं?"

"रोलर्स," ती म्हणाली आणि मग माझ्याकडे बघतच राहिली. "आजी, तू रोलर्सना हळद लावलीस."

खरं होतं. मागच्या आठवड्यात खंडेनवमी झाली. आमच्याकडे त्या दिवशी कामाच्या वस्तूंची पूजा असते. मुलाचा लॅपटॉप, सुनेचं शिलाई मशीन, दारातली गाडी, सगळ्यांना हळदकुंकू. स्वरदाने आपला कॅमेराही आणून ठेवला होता. तेव्हा तो रिकामा होता. बाकीच्या वस्तूंना मी वरून बोट लावलं, कॅमेऱ्याचं मात्र पुढचं दार उघडून आतल्या रोलरांना लावलं, कारण खरं काम तेच करतात. पुण्याच्या रंगांच्या कारखान्यात मी वीस वर्षं रसायनं तपासली, नंतर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. तरी ओली हळद वाळली की खड्यासारखी होते हे मला सुचलं नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुझे फोटो मी घालवले."

"हीप्स ऑफ हळद लावलेलीस," ती म्हणाली. "आता डोअर उघडून पुसायचं?"

"उघडलं तर काय होईल?"

"लाइट आत जाईल," तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आठवा पण जाईल."

घरात पूर्ण अंधाराची एकच जागा होती, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. आत ठेवलेल्या चादरी बाहेर काढून आम्ही दोघी आत शिरलो, दार ओढून घेतलं आणि फटीत टॉवेल कोंबले. डोळ्यांपुढे हात धरला तरी दिसत नव्हता. तिने कॅमेरा धरला, मी चाचपडत त्याचं दार उघडलं. बोटाला खडे लागले, वरच्या रोलरला एक, खालच्याला एक. ओल्या फडक्याने मी ते हळूहळू भिजवायला लागले.

"बोल ना काहीतरी," स्वरदा अंधारात म्हणाली.

"या फोटोत तीन थर आहेत. एकाला निळा उजेड कळतो, एकाला हिरवा, एकाला लाल. प्रत्येकाखाली एकेक रंग थांबलेला असतो. खालच्या पांढऱ्या पट्टीत पेस्टची पुडी असते. फोटो बाहेर येताना रोलर ती पुडी फोडतात आणि पेस्ट थरांमध्ये पसरवतात, केसापेक्षाही पातळ. मग जिथे उजेड पडलाय तिथला रंग अडकतो आणि जिथे पडला नाही तिथला वर चढतो."

"सगळीकडे एकदम?"

"एकदम. मोजता येणार नाहीत इतके कण, आणि प्रत्येक आपापल्या जागी."

"पण फोटो बाहेर येतो तेव्हा लाइट असतोच की."

हा प्रश्न मला शाळेत कुणी विचारला असता तर मी त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नसतं.

"हळदीचा डाग साबणाने कसा होतो?"

"लाल. लिंबू लावलं की परत यलो."

"पेस्टमध्येही तसाच रंग बदलणारा पदार्थ असतो. पेस्ट साबणासारखी, पण त्याहून फार तीव्र. तिच्यात तो गडद असतो, म्हणजे फोटो आपला अंधार बरोबर घेऊनच बाहेर येतो. आतल्या एका थरात आम्ल असतं. ते हळूहळू पेस्टचा जोर उतरवतं आणि मग अंधार आपोआप विरतो."

"हे कुणाला सुचलं?" तिने विचारलं.

"एका माणसाच्या लहान मुलीने विचारलं, फोटो आत्ताच का दिसत नाही? त्यावरून सुरुवात झाली. रंगीत फोटो यायला त्यानंतर वीसेक वर्षं गेली, हजारो रसायनं बनवून पाहावी लागली. पुढे कारखाने बंद पडले. शेवटचा एक काही लोकांनी वाचवला, आणि जी रसायनं आता कुणी बनवत नव्हतं त्यांच्या जागी नवी शोधून काढली."

"तिने विचारलं म्हणून?"

"हो."

रोलर गुळगुळीत लागले. कोरड्या फडक्याने पुसून मी कॅमेऱ्याचं दार बंद केलं.

बाहेर आलो तेव्हा चारुदत्त गाडीत शेवटची बॅग कोंबत होता. "काकू, पाच मिनिटं. ट्रॅफिकचा भरवसा नाही." मी स्वरदा आणि लीलाला कुंपणापाशी उभं केलं आणि बटण दाबलं. रोलर घरघरले आणि कोरा, निळसर कागद बाहेर आला.

"काहीच नाहीये," लीला म्हणाली.

"पंधरा मिनिटं लागतात," स्वरदाने तिला सांगितलं. "हलवू नको. हूडीत ठेव, आतून, ऊब लागते. पालथा." तिने स्वतःच तो लीलाच्या हूडीत सरकवला, चेन वर ओढली. गाडी वळली. स्वरदाने तो फोटो पाहिलाच नव्हता.

पायरीवर आम्ही फोन मध्ये ठेवून बसलो. वाटेतल्या हंटली गावाच्या अलीकडून लीलाचा व्हिडिओ कॉल आला.

"काढू?"

"काढ."

पडद्यावर तो चौकोन आला. अजून हिरवट धुकं होतं, पण त्यात दोन डोक्यांचा गडदपणा साठत होता. मग कुंपण दिसलं. लीलाच्या हूडीचा लाल उगवला, अगदी मंद, जणू आतून कुणी दिवा मोठा करत होतं. मी आयुष्यभर रंग बनताना पाहिले, तरी मी फोनवर आणखी वाकले.

"डॉट्स?" स्वरदाने विचारलं.

लीलाने फोटो डोळ्यांजवळ नेला. "नाहीत. साइडला एक ऑरेंज लाइन आहे. माझ्या नाकावर फक्त नाक आहे."

कपाटात कुठूनतरी उजेड शिरला असणार. स्वरदा हसली आणि तिने डोळे पुसले.

"स्क्रीनशॉट घे ना," मी म्हणाले. "तुला राहील."

"थांब ना, आजी," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "अजून होतोय तो."